बांधापाशी वळणारी सावड

आषाढ लागला की आमच्या कंपनीला शेतकऱ्यांची आठवण येते. ती मेलवरून येते. 'सर, यंदा लावणीला कुठं जायचं?' असं आमच्या विभागातली सायली विचारते, आणि खाली बसपासून टोप्यांपर्यंत सगळी तजवीज लिहून पाठवते. मुलगी हुशार आहे, कामाला चोख आहे आणि पाऊस तिला अजून आवडतो. मी दरवर्षी 'बघू या' असं उत्तर देतो आणि शेवटी तीच जागा ठरवते. यंदा मात्र मेलच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'तुमच्याच गावाकडं जाऊ या का, सर? तिथूनच सुरुवात झाली होती म्हणे.'

मी मेल मिटला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. वलवणच्या आमच्या घरातून धरणाचं पाणी दिसतं, आणि शनिवार असला तर लोणावळ्यात शिरणाऱ्या गाड्यांची न हलणारी रांगही दिसते. सगळं पुणं, सगळी मुंबई हिरवं बघायला आमच्याकडे येते. मला मात्र या दिवसांत भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा रंग दिसला की मी खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, तुला पाऊस बाधतो, काढा घे. मी काढा घेतो. पाऊस बाधत नाही, हे तिलाही माहीत आहे.

आमचं गाव आंदर मावळात, कामशेतवरून आत. एसटी आली तर यायची, नाही तर पाय होतेच. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, रेल्वेत गँगमन होते, घाटात. पोटाला चिमटा काढून त्यांनी ओढ्याकाठची भाताची दोन खाचरं विकत घेतली. वरच्या अंगाला आबांची खाचरं. आबा म्हणजे गावातल्या जुन्या, मोठ्या शेतकरी घराचे कर्ते. त्यांच्या आणि आमच्या शेताच्या मधे एक बांध. एवढाच काय तो शेजार.

त्या दिवसांचं काय काय अंगात राहिलंय. वैशाखात रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचे त्याचा धूर, तो कपड्यांतून जायचा नाही. रोपं उपटताना मुळं सुटतात त्याचा बारीक आवाज. डोक्यावर मेणकापडाची खोळ, पाठीवर पाऊस आणि पोटऱ्यांपर्यंत कोमट चिखल. चिखल कोमट असतो, हे चिखलात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असायच्या, आई त्यांना तेल-हळद लावायची आणि मी ओरडायचो. ओढ्याच्या कपारीत खेकडे मिळायचे. खेकडा नांगी उचलून असा रोखून बघायचा की त्याला धरण्याआधी त्याची परवानगी घ्यावी वाटायची.

आणि सावड. शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागेल. भाताची लावणी एकट्याच्या घरानं होत नाही, रोप थांबत नाही आणि पाऊसही. म्हणून आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. दिवसाला दिवस फेडायचा. ज्याच्याकडे कुणाचा दिवस राहिला तो माणूस फेडेपर्यंत चावडीकडून जायचं टाळायचा.

सावडीची माणसं डोंगराकडून एकेक खाचर लावत खाली यायची. बाया गाणी म्हणायच्या, पुरुष एकमेकांच्या बैलांना नावं ठेवायचे. आबांच्या शेवटच्या खाचरापर्यंत सगळे यायचे. मग आमचा बांध यायचा. तिथे सावड वळायची आणि ओढ्यापलीकडे जायची. कुणी वाईट बोलत नसे. आमच्या आळीतल्या बायाही त्या शेतांत राबायच्या, पण मजुरीनं, भाताच्या मापावर. सावड बरोबरीच्या घरांत होते आणि आमचं घर त्यात धरलेलं नव्हतं. आजोबांनी धर्म बदलला, बुद्धवंदना म्हणायला लागले, तात्यांनी सरकारी नोकरी धरली, मी शिकलो, घरावर पत्र्याऐवजी स्लॅब आला. सावड तेवढी दरवर्षी बांधापाशी येऊन वळत राहिली.

तात्यांना त्याचं वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. ते बांधावर उभे राहून ती वळणारी माणसं बघायचे, तंबाखू मळायचे, आणि शेवटचं माणूस ओढा उतरलं की म्हणायचे, "चला. आपलं आपुन."

मी समाजकार्य शिकलो आणि फिरत फिरत एका मोठ्या कारखान्याच्या सीएसआर विभागात लागलो. कारखाना आमच्या मावळातच, तळेगावच्या बाजूला. तात्यांना माझं काम समजावून सांगायला मला फार कष्ट पडले. म्हणालो, "कंपनी जे कमावते त्यातलं थोडं गावांसाठी खर्च करायचं असतं. ते मी बघतो." तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंजी पंगतीत वाडप्याचं काम." त्यानंतर मी घरी गेलो की ते हसत विचारायचे, "काय वाडपे, आज कुटं वाडलं?"

मला ते बोचायचं, कारण ते खरं होतं. मी वाढत होतो. लोहगडवाडीला गडावर जाणाऱ्यांच्या कचऱ्यासाठी आम्ही कंपनीचं नाव असलेले डबे बसवले. माकडांनी पहिल्या आठवड्यात झाकणं उघडायची विद्या शिकून घेतली आणि भज्यांच्या टपरीवाल्या मावशींनी एका डब्यात तांदूळ साठवायला सुरुवात केली. कुठे सौर दिवे लावले, कुठे शाळेच्या भिंती रंगवल्या, कुठे झऱ्याचं पाणी टाकीत आणलं. सगळंच वाया गेलं असं नाही. ती टाकी अजून भरते, आणि तिथल्या बाया मला बघून डोक्यावरचा पदर सारखा करून हसतात. पण आमच्या कामाची भाषा एकाच दिशेनं वाहायची. आम्ही देणारे, ते लाभार्थी. 'शाश्वत विकास' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की माझ्या बोटांना तो न बघता टाइप करता येतो. या शब्दात घेण्याचं काही आहे का, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण बोटं चालू असली की डोकं विश्रांती घेतं.

तर एका वर्षी वरून आदेश आला की कर्मचाऱ्यांना एक दिवस शेतात न्यायचं. बैठकीत उपक्रमाला नाव शोधत होते. इंग्रजी नावं झाली, संस्कृत नावं झाली. मी सहज म्हणालो, "आमच्याकडे याला सावड म्हणतात." सगळ्यांचे चेहरे उजळले. केवढा गोड शब्द, म्हणाले, आणि किती मातीतला. पुढच्या आठवड्यात टोप्या छापून आल्या. पांढऱ्या टोपीवर हिरव्या अक्षरांत 'सावड'. त्या शब्दात परतफेड असते, हे मी बैठकीत सांगितलं नाही. तो शब्द मला फक्त छान वाटला होता, आणि छान शब्द सुचवल्याबद्दल सगळे माझ्याकडे बघत होते.

शेत कुणाचं घ्यायचं, तर आबांचं. रस्त्याला लागून, बस पोहोचेल असं, फोटोला मागे डोंगर. शिवाय आबांना गरजही होती. मुलगे कारखान्यांत लागलेले, सावडीची माणसं पांगलेली, रोपं तयार आणि हात नाहीत. मी त्यांच्या ओसरीच्या पायरीशी उभा राहून सगळं सांगितलं. लहानपणापासून मी तिथेच उभा राहत आलो होतो.

"लावाया येतं का त्यास्नी?" आबांनी विचारलं.

"शिकतील."

"म्हंजी न्हाई येत." त्यांनी सुपारी दाढेखाली सरकवली. "आन घेनार काय?"

"काही नाही, आबा. कंपनीकडून आहे."

"फुकाट?" आबांनी मान हलवली. "फुकाट कुनाचा घाम घेतला न्हाई जन्मात. आता म्हातारपनी लावतूस व्हय सवय?"

मी पिशवीतून टोपी काढली. त्यांच्यासमोर धरली. म्हणालो, "फुकट कुठं आबा? सावडच आहे ही. लिहिलंय बघा."

आबांनी चष्मा लावून ती अक्षरं वाचली. टोपी उलटी करून आतूनही बघितली. मग म्हणाले, "मंग ठीक हाय. सावडीनं यिऊ दे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मला वाटलं, म्हाताऱ्याची समजूत पटली. त्यांच्या लेखी मात्र आमच्यात एक बोली झाली होती.

तो दिवस मजेत गेला, हे कबूल केलं पाहिजे. रंगीबेरंगी रेनकोट घातलेली पोरंपोरी खाचरात उतरली, घसरली, एकमेकांवर चिखल उडवला, आणि रोपं कुणी उलटी तर कुणी मुठीमुठीनं रोवली. गावच्या बाया त्यांच्या मागून न बोलता ती पुन्हा सारखी करत होत्या. आबा बांधावर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि एकदा तर खुदकन हसलेसुद्धा. दुपारी शिट्टी वाजली. सगळे बसकडे गेले. लोणावळ्याहून जेवणाची पाकिटं आली होती. गावात कुणाकडचं खायचं नाही, असा आमचा सुरक्षेचा नियम होता.

इकडे आबांच्या सूनबाईंनी पहाटेपासून मोठमोठी पातेली चढवली होती. इंद्रायणीचा भात, खेकड्यांचा रस्सा, कुर्डूची भाजी. ओसरीवर पंगतीची पटकुरं टाकून ठेवली होती. आबा हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते आणि बसकडे बघत होते.

"बोलीव त्यास्नी."

"आबा, त्यांचं जेवण आलंय."

"कामाला आलं आन जेवाया न्हाई?"

आबांनी तांब्या पायरीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी ये."

त्या घराचा उंबरा मी त्याआधी ओलांडलेला नव्हता. लहानपणी चहा मिळायचा, पण पायरीखाली, आणि कप आपला आपण विसळून पालथा घालायचा. आता मी आत जाऊन पाटावर बसलो. आबा माझ्या शेजारी बसले, मांडीला मांडी लागेल इतके जवळ. सूनबाईंनी आधी मला वाढलं. रस्सा तिखट होता, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं रश्श्याचं नव्हतं. खेकडा खाताना बोलता येत नाही, हे बरं असतं.

हात धुताना आबा म्हणाले, "हितं जेवलास तू. म्हंजी सावड तुज्या घराची लागली. किसनाची लावनी कवा हाय?"

किसन म्हणजे तात्या. आता एक दिवस आबांच्या घरानं आमच्या शेतात फेडायचा होता. मी हसलो. म्हणालो, "बघू, आबा."

संध्याकाळी घरी जाऊन मी हे तात्यांना गंमत म्हणून सांगितलं. ते दारात पाय धूत होते. हातातला लोटा तसाच राहिला.

"आबा सोता म्हनला?"

"हो."

"सावड म्हनला?"

"हो, तात्या. पण ते बोलायची पद्धत असते."

तात्यांनी लोटा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कामशेतच्या बाजारात गेले आणि स्टीलची नवी ताटं घेऊन आले. जुन्या धोतराच्या धडप्यात बांधलेली, डोक्यावर. एसटी चुकली म्हणून अर्ध्या वाटेतून पावसात चालत. आई तेव्हा हयात नव्हती, घरात दोन माणसांपुरती भांडी होती. मी विचारलं, एवढी ताटं कशाला. म्हणाले, "सावडीची मानसं जेवत्यात न्हवं?" आमच्या आळीतल्या मावशींना त्यांनी स्वयंपाकाचं सांगून ठेवलं. खेकडे कुठल्या कपारीत चांगले मिळतील, यावर त्यांची आणि शेजाऱ्यांची चर्चा झाली. मग ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून बांधावर जाऊन उभे राहायला लागले. चिखलाच्या कामाला कोण धुतलेला सदरा घालतं?

आता नियमाचं सांगतो. आमच्या कंपनीत एक आचारसंहिता होती आणि ती चांगलीच होती. लाभार्थ्याकडून कर्मचाऱ्यानं वस्तू घेऊ नये, सेवा घेऊ नये. हा नियम नसता तर आमच्यासारखे लोक गावोगाव कोंबड्या खात फिरले असते. आबा आमच्या उपक्रमाचे लाभार्थी. त्यांनी माणसं घेऊन माझ्या वडिलांच्या शेतात राबायचं, म्हणजे काय दिसेल? उद्या कुणी फोटो काढून पाठवला तर? मी रात्रंदिवस दुसऱ्यांना पारदर्शकता शिकवत होतो.

हे झालं कागदावरचं. खरं त्याच्या खाली होतं. आबा आमच्या खाचरात वाकलेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आलं की मला इतकं बरं वाटायचं की त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. मोठ्या मनानं नाही म्हणावं, असं वाटलं. देणारा माणूस नाही म्हणताना फार मोठा दिसतो, स्वतःला तरी दिसतो.

मी आबांना बांधावर गाठलं. म्हणालो, "आबा, आमच्या लावणीचं राहू द्या. नियमात बसत नाही."

"कुनाच्या?"

"कंपनीच्या."

आबांनी पाण्याकडे बघितलं. चिखलात एक बगळा हळूहळू पावलं टाकत होता. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आमचं हात चालत न्हाईत व्हय तुमाला?"

ते मला नेहमी 'तू' म्हणायचे. हे 'तुमाला' एकट्या माझ्यासाठी नव्हतं. आणि हा प्रश्न आमच्या घरानं त्यांच्या घराला विचारायचा होता, इतकी वर्षं, तो त्यांनी मला विचारला. मी म्हणालो, तसं नाही हो आबा. ते म्हणाले, बरं.

मी कामशेतहून मजूर ठरवले. तात्यांना सांगितलं, "माणसं ठरवलीत, उद्या येतील." ते म्हणाले, "आन आबा?" मी म्हणालो, "त्यांना कशाला त्रास, वय झालं त्यांचं." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "रोप जून व्हाया लागलंच व्हतं," ते म्हणाले. "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी मजुरांनी झपाझप लावणी उरकली. सरळ ओळी, एकसारखं अंतर. तात्या जुना सदरा घालून आले होते. ताटं घडवंचीवर गेली, धडप्यासकट.

त्या थंडीत तात्या गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. वाडपे, आज कुटं वाडलं, हे पुन्हा कुणी विचारलं नाही. अंत्ययात्रेत आबा आले होते. शेवटच्या ओळीत, छत्री काठीसारखी टेकत. लोक पांगायच्या आधीच परत गेले.

आमचा उपक्रम मात्र वाढला. इतर गावांत गेला. कुठल्याशा समारंभात त्याला ढाल मिळाली, ती माझ्या खोलीच्या कपाटात आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इतक्या वर्षांत आमच्या एकाही माणसाकडे कुणी सावड फेडायला आलं नाही, कारण कुणी कुणाच्या घरी जेवलंच नाही. मी पुढे दुसऱ्या गावांचं बघू लागलो. आमची खाचरं दरसाल मजुरांकडून लावून घेतो, भात येतो, आम्ही खातो. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणारे असतात. मी त्या वळशाचा पगार घेतला.

सायलीच्या मेलनंतर मी जागा बघायच्या निमित्तानं गावात गेलो. रस्ता आता चांगला झालाय. आबांची वरची खाचरं विकली गेलीत. तिथे कुणा पुणेकराचं फार्महाऊस आहे, भिंतीच्या आत लॉन, आणि भिंतीबाहेर पाण्याला जायला वाट न उरल्यानं साचलेलं डबकं. सावड आता होत नाही. बाहेरच्या टोळ्या येतात, उक्तं काम घेतात, टेम्पोत बसून पुढच्या गावाला जातात. बांधापाशी वळायलाही कुणी उरलेलं नाही.

आबा ओसरीवर खाटेवर होते. पाय गेलेत, डोळे शाबूत आहेत. मी नेहमीसारखा पायरीशी उभा राहिलो.

"वर ये की," ते म्हणाले. "एकदा वर आलावतास, मंग परत खाली कशाला गेलास?"

मी वर जाऊन त्यांच्या खाटेशेजारी बसलो. सूनबाईंनी चहा दिला. त्यांचेही केस पिकलेत. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊस, गुडघे, भिंतवाल्याचा कुत्रा. मग आबा म्हणाले, "तुजा बा आलता हितं."

"कधी?"

"त्याच साली. भात झोडून झाल्यावर. दिवाळीच्या येळंला. आला आन तितंच पायरीशी हुबा राह्यला. म्हनला, आबा, पोराचं मनावर घिऊ नगा, त्याची नोकरी तशी हाय. पुढल्या साली या, म्हनला. मी बोलवाया आलोय."

मी कप खाली ठेवला.

"तुमच्या आळीतनं सावडीचं बोलावनं माज्या दाराशी कदी आलं न्हवतं," आबा म्हणाले. "आन आमी बी कदी गेलो न्हवतो. मला यायचंच व्हतं, मिलिंदा. निमित्त पायजे व्हतं. उगंच कसं जायाचं? गाव काय म्हनंल? सावड लागली म्हनल्यावर कुनाची छाती हाय इचारायची? त्येला म्हनलो, येतो. बस म्हनलो, च्या घे. वर आला, बसला, च्या पेला."

"मग पुढच्या वर्षी..."

"बोलवनारा गेला." आबांनी सुपारी शोधायला खिसा चाचपला. "आन तू तर नगं म्हनलावतास."

तात्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. दिवाळीला मी घरी होतो. त्यांनी मला लाडू दिला होता, कारखान्याचं विचारलं होतं, थंडी फार आहे म्हणाले होते. ते आयुष्यात पहिल्यांदा त्या ओसरीवर बसून चहा पिऊन आले होते आणि मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर माझा नियम मधे आला असता, असं त्यांना वाटलं असेल. माझ्यापासून ती गोष्ट त्यांनी सांभाळून ठेवली. याचं मला जे वाटतं त्याला मी नाव देत नाही.

परवा आमची लावणी झाली. मी टोळीला सांगून एक कोपरा रिकामा ठेवायला लावला. घडवंचीवरून धडपं काढलं. ताटांवर दुकानाचे कागद अजून चिकटलेले होते. आळीतल्या मावशी आता थकल्यात, तरी त्यांनी खेकड्यांचा रस्सा केला. आबांना त्यांच्या मुलानं मोटारसायकलवरून आणलं, आबा मधे आणि मागून मी त्यांना धरलेलं, तिघे एका गाडीवर, पावसात. रस्त्यात आबा एकदाच बोलले, "हळू हाक, पडलो तर सावड ऱ्हाईल."

त्यांना वाकता येत नाही. बांधावर खुर्ची ठेवली, डोक्यावर छत्री बांधली. रोपांची जुडी त्यांनी मांडीवर घेतली, सोडली, आणि दोन-दोन, तीन-तीन रोपं वेगळी करून माझ्या हातात देत गेले. मी लावत गेलो. कोट्यवधी रुपयांची कामं मी मार्गी लावली असतील, पण चिखलात हात घालून कित्येक वर्षं झाली होती आणि माझी ओळ वाकडी जात होती. आबा वरून सांगत होते, आत दाब, लय खोल नगं. कोपरा भरला तेव्हा आम्हा दोघांना धाप लागली होती.

मग तिथेच बांधावर ताट वाढलं. आबांनी हात धुतले, भात कालवला, हळूहळू जेवायला लागले. पाऊस थांबला होता. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो, जरा वेळानं विचारलं, "फिटली का, आबा, सावड?"

त्यांनी घास गिळला. माझ्याकडे मायेनंच बघितलं.

"न्हाई रं," ते म्हणाले. "ती तुज्या बाची व्हती."

आणि पुन्हा जेवायला लागले. ताटातला भात संपत आला होता. मी आणखी वाढला.